एकोणिसावा मुद्दा आणि वीरभद्रआप्पा

गोदामासाठी जागा बघायला जाताना माझ्याकडे सव्वीस मुद्द्यांची एक छापील यादी असते. सातबारा कुणाच्या नावावर आहे, विजेचा खांब किती लांब, रस्ता किती फुटांचा, पावसाळ्यात पाणी कुठे थांबतं. प्रत्येक मुद्द्यासमोर चौकोन. जागेवर उभं राहून टिक करायची, खाली तारीख घालून सही करायची. यादी मीच बनवली आणि इतक्या वर्षांत तिच्यात फारसा बदल केला नाही. भरलेल्या याद्या नांदेडच्या ऑफिसात तालुक्याप्रमाणे लावून ठेवल्या आहेत. त्यांत एकाच यादीवर खाडाखोड आहे. एकोणिसाव्या मुद्द्यावरची टिक मी दोन रेघांनी खोडली आहे आणि शेजारी लिहिलं आहे: चार किलोमीटर. त्या दोन रेघा मला वीरभद्रआप्पांनी मारायला लावल्या.

आप्पांना जाऊन आता दुसरी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, येईल. त्यांच्यावर लिहायचं ठरवून मी सवयीने मुद्दे काढायला बसले, तर पहिला मुद्दा आला: पाण्याची बाटली.

ही बाटली पिण्याच्या पाण्याची नव्हती. कापडी पिशवीत लिटरभर पाणी कायम असायचं आणि त्याला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. आमची ओळख झाली तेव्हा आमच्या फर्मला लातूरच्या बाजूला जागा शोधून देणारा माणूस हवा होता. कंपन्यांना जागा शोधून द्यायची, कागद तपासायचे, गोदाम बांधून भाड्याने द्यायचं, हे आमचं काम. डाळमिलच्या एका मालकाने आप्पांचं नाव सुचवलं आणि बजावलं, "माणूस खरा आहे. पण खुर्ची देऊ नका, बसत नाही." आप्पांनी आयुष्यभर अडत बाजारातल्या गोदामांवर राखणदार आणि पुढे गोदामकीपर म्हणून काम केलं होतं. मी भेटले तेव्हा साठी उलटलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट-पायजमा, पायांत टायरच्या चपला. पहिल्याच दिवशी ते मला एक तयार गोदाम दाखवायला घेऊन गेले. मालक फरशी किती पक्की आहे ते सांगत होता. आप्पांनी बाटली काढली, झाकण उघडलं आणि मधोमध पाणी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, मग भिंतीकडे निघालं.

"दारापासून भिंतीकडं उतार हाय," आप्पा म्हणाले. "पाऊस आला की पाणी आत येतंय. खालच्या थराची पोती जाणार."

मालक चिडला. म्हणाला, आप्पा, तुम्ही जागा खपवायला आलात की मोडायला. आप्पा झाकण लावत शांतपणे म्हणाले, "दाखवायला आलाव."

मी यादीत 'फरशीचा उतार' हा मुद्दा घातला, तो त्या दिवशी.

दुसरा मुद्दा: बसत नसत. ऑफिसात आले की दाराच्या चौकटीला टेकून उभे. चहा उभ्याने, तोही खिडकीतून रस्त्याकडे बघत. एसटीत जागा असली तरी ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभे राहायचे, म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. मी सकाळी नांदेडहून निघून लातूरला पोचेपर्यंत त्यांचा लातूरजवळच्या मुरुडला जाऊन यायचा एक फेरा झालेला असे. बोलताना उजवा हात सारखा कमरेशी जायचा. तिथे पूर्वी गोदामाच्या चाव्यांचा जुडगा असे. नोकरी सुटली तेव्हा चाव्या परत केल्या, पण हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

रस्ता कसा वाचायचा, हे त्यांनी मला शिकवलं. चहाच्या टपरीजवळ उभं राहून ते येणाऱ्या ट्रकांची टायरं बघायचे. टायर किती दबलं आहे, ताडपत्री कशी बांधली आहे, दोर ताणलेला आहे की सैल. त्यावरून सांगायचे, ही सोयाबीन, ही खताची, ही खाली. एकदा मी मुद्दाम पुढच्या धाब्यावर गाडी थांबवून दोन ड्रायव्हरांना विचारून घेतलं. दोन्ही बरोबर निघाले. मी परत येऊन सांगितलं तर आप्पांना राग आला नाही, उलट म्हणाले, "विचारलं ते बरं केलं अक्का. माझ्यावर भरवसा ठेवून कागद नका भरू."

ते मला पहिल्यापासून अक्का म्हणत. मी त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. पण त्यांच्या घरात अर्धं कानडी चालायचं आणि कामानिमित्त भेटणाऱ्या बाईला अक्का म्हणायची त्यांची रीत होती.

जागेतला दोष आधी दाखवायचा, हा त्यांचा धंद्याचा नियम. मुखेडकडच्या एका शेतकऱ्याने त्यांना रस्त्याकडेची जमीन दाखवायला सांगितली होती. खरेदीला आलेले लोक बांधावर उभे राहिले आणि आप्पांनी पहिलं वाक्य टाकलं, की विहिरीच्या बाजूची हद्द पुतण्याला मान्य नाही, मोजणी झाल्याशिवाय घेऊ नका. शेतकऱ्याचं तोंड पडलं. सरळ म्हणाला, "आप्पा, तुमाला मी आणलं का पुतण्यानं?" घेणारे परत गेले. मोजणी झाली, पुतण्याच्या सहीने हद्द ठरली आणि तेच लोक परत येऊन जमीन घेऊन गेले. पण असं दर वेळी व्हायचं नाही. बरेचदा घेणारे परत जायचे ते जायचेच. मग आप्पा दोन दिवस फोन उचलत नसत. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचाच फोन: "अक्का, निघालात का? एक जागा बघायलाव."

आता त्यांच्या स्वतःच्या जागेबद्दल. ती नीट सांगितल्याशिवाय आप्पा कळणार नाहीत.

लातूर-नांदेड रस्त्यावर, लातूर मागे पडल्यावर उजव्या हाताला, त्यांनी नोकरी संपताना पाच एकर जमीन घेतली होती. तिथे स्वतःचं गोदाम बांधायचं, एखाद्या कंपनीला द्यायचं आणि चावी आपल्या कमरेला लावायची, एवढी एक गोष्ट त्यांना आयुष्यात हवी होती. जागा घेण्यापूर्वी ते महिनाभर त्या रस्त्यावर उभे होते. नांदेड, मुखेड, अहमदपूरकडून भरलेल्या गाड्या लातूरच्या बाजारात येतात आणि रिकाम्या परत जातात, हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. म्हणून जागा घेतली ती लातूरकडे येणाऱ्या बाजूला. भरलेली गाडी डावीकडे वळली की थेट फाटकात. अडतीत वाढलेला कुठलाही माणूस तिथेच घेता.

मग रस्ता चौपदरी झाला आणि मधे दुभाजक आला. त्याच सुमारास माल उलटा वाहायला लागला. आता गोदामं मागायला येणारे लोक सोयाबीन-तुरीचे नव्हते. साबण, बिस्किटं, पंखे, बियाण्यांची पाकिटं, फोनवरून मागवलेल्या वस्तूंचे खोके हे सगळं पुण्याकडून लातूरमार्गे येणार आणि तिथून नांदेडच्या खेड्यापाड्यांत जाणार. या गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जातात. आप्पांचं फाटक त्यांना समोर दिसतं, पण मधे दुभाजक. वळायला जागा, म्हणजे ज्याला सगळे 'कट' म्हणतात तो, चार किलोमीटर पुढे. चार जायचं, चार परत यायचं. निघताना पुन्हा तसाच उलटा फेरा.

"माल गावातून बाजारात येतोय, एवढंच मला म्हाईत," ते मला एकदा म्हणाले. "बाजार उठून गावाकडं जाईल, हे कुणाला वाटलं होतं?"

तेव्हापासून ते कट मागत होते. अर्ज, आठवण अर्ज, ग्रामपंचायतीचा ठराव, सगळ्यांच्या प्रती पिशवीत, बाटलीशेजारी. अर्ज मी टाइप करून द्यायची. पोच घेतल्याशिवाय ते कुठल्याही ऑफिसातून हलत नसत. साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या बायकोला, महादेवीकाकूंना, या सगळ्याची चीड होती. मी घरी गेले की काकू मला ऐकवायच्या पण रोख दाराकडे असायचा, जिथे आप्पा उभे असत. "सगळ्या जिल्ह्याला जागा दाखवून झाली यांची. आपली तेवढी कुणाला दिसंना." आप्पा म्हणायचे, दिसते की, पोचता येत नाही एवढंच. काकू म्हणायच्या, "त्या दुभाजकाशीच लगीन लावायचं होतं, मला कशाला आणलं?" मग दोघंही हसायचे, पण काकूंचं हसू आधी संपायचं. मुलं हैदराबादला. जागा विकून तिकडे या म्हणून त्यांचा घोशा होता. काकूंची बॅग अर्धी भरलेलीच असायची, आणि आप्पा दर वेळी म्हणायचे, एवढा कट होऊ दे.

एका हिवाळ्यात आमच्याकडे मोठी कंपनी आली. त्यांना याच पट्ट्यात पाच एकर हवे होते, लवकर. कंपनीच्या माणसाने अट घातली, दोन जागा दाखवा, एक आम्ही निवडू. आप्पांनी पहिली स्वतःची जागा दिली. दुसरी त्यांनी द्यायला नको होती असं मला आजही वाटतं, कारण ती त्यांच्या बरोबर समोरची होती, रस्त्यापलीकडे, दिगंबरराव नावाच्या शेतकऱ्याची. मी म्हटलं, दुसरी जरा लांबची द्या. ते म्हणाले, "चांगली हाय ती. चांगली सोडून वाईट कशी दाखवू?"

त्याच आठवड्यात येळवस होती. वेळ अमावास्येला आमच्याकडे शहरं रिकामी होतात हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. बाजार बंद, दुकानं बंद, सगळं लातूर शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं करायचं, पूजा करायची, भज्जी, उंडे, खीर, माठातली आंबील, आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. दिगंबररावांच्या बाजूच्या गावातल्या निम्म्या लोकांची शेतं आप्पांच्या बाजूला होती. दुभाजक झाल्यापासून आंबिलीचे माठ घेऊन चढून उतरावं लागे. त्या वर्षी पोरांनी येळवशीच्या आदल्या दिवशी पहारी आणि ट्रॅक्टर लावून दुभाजकाचे दगड काढले. बरोबर आप्पांच्या फाटकासमोर. वीस-पंचवीस फुटांची वाट झाली. येळवस थाटात झाली. त्या दिवशी आप्पांनी आपल्या रिकाम्या पाच एकरांत कोप घातली होती आणि मी, आमचा ड्रायव्हर, दोन अनोळखी ट्रकवाले, सगळे तिथे जेवलो. पंक्तीतले लोक आप्पांना चिडवत होते: सरकारनं दिला न्हाई, पोरांनी दिला तुमचा कट. आप्पा वाढत होते.

चार दिवसांनी मी यादी घेऊन आले. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता आणि त्याला भरलेल्या याद्या तयार हव्या होत्या. मी उभी होते तेवढ्यात एक टेंपो त्या वाटेने वळून पलीकडे गेला, एक ट्रॅक्टर आला. एकोणिसावा मुद्दा: दुभाजकातला कट, जागेसमोर आहे का, नसल्यास अंतर. कट समोर होता. माझ्या डोळ्यांदेखत गाड्या वळत होत्या. मी टिक केली. खरं सांगायचं तर आनंदाने केली. आप्पांचा कागद पहिल्यांदाच पूर्ण होत होता.

आप्पा माझ्या खांद्यावरून कागद बघत होते.

"अक्का, ती टिक खोडा."

मी म्हटलं, आप्पा, यादीचा नियम आहे, आज जागेवर जे दिसतं ते लिहायचं. मी खोटं काही लिहीत नाही.

"उद्या काय दिसंल, असा मुद्दा हाय का तुमच्या यादीत?"

नव्हता. मग म्हटलं, कदाचित हाच कायम होईल, लोक वापरायला लागले की रस्तेवाले सोडून देतात, असे किती कट मी बघितले आहेत.

"मी बी बघितलेत," ते म्हणाले. "सकाळी शाळेची ऑटो निघाली इथून. पलीकडनं टँकर आला, ब्रेक दाबून आडवा झाला. बोटभर अंतर राहिलं. हे दगड दोन हप्त्यांत परत बसणार, आन बसलेच पाह्यजेत. मग कंपनीच्या लांब गाड्या चार किलोमीटर जातील आन ड्रायव्हर मला शिव्या घालतील. कंपनी जाईल कुठंबी. मी हितंच हाय."

मी म्हटलं, टिक खोडली तर जागा जाईल, आप्पा.

त्यांचा हात कमरेकडे गेला, तिथे काही सापडलं नाही, खाली आला. "हाव," ते म्हणाले. "जाईल."

मी दोन रेघा मारल्या. चार किलोमीटर लिहिलं. शेजारी सही केली. पेन चालत नव्हतं असं मला आठवतं; पण चाललं असणार, कारण रेघा चांगल्या ठळक आहेत.

घरी गेलो तेव्हा काकूंनी चहा ठेवला होता. आप्पांनीच त्यांना सांगितलं, दारात उभं राहून, दोन वाक्यांत. काकू चिडतील असं मला वाटलं होतं. त्या गाळणं हातात घेऊन थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लिहू द्यायचं होतं की वो त्यांना." चहा जास्त उकळला होता, तो आम्ही तसाच प्यालो.

कंपनीने समोरची जागा घेतली. दुभाजकाचे दगड दोन आठवडेही नाही, नवव्या दिवशी परत बसले.

त्यानंतर आप्पा थोडे मागे सरतील, असा माझा अंदाज होता. झालं उलटंच. दिगंबररावांच्या शेतात काम सुरू झालं आणि आप्पा रोज सकाळी तिथे हजर. गुत्तेदाराला, म्हणजे बांधकामाच्या कंत्राटदाराला, ते नको होते. मुरूम नीट दाबला का, पाया रस्त्यापेक्षा किती वर घेतला, पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी कुठे सोडलं, सगळ्यात हे डोकावणार. गुत्तेदाराने माझ्याकडे तक्रार केली की तुमचा म्हातारा बसतही नाही आणि बसूही देत नाही. मी आप्पांना विचारलं, आता हे कशासाठी? ते म्हणाले, जागा मी दाखवलीय, पाणी शिरलं तर नाव माझंच निघेल. हे खरं होतं. पण मला वाटतं, त्यांना एक गोदाम पायापासून बांधून होताना बघायचं होतं, कुठल्याही बाजूचं.

अर्ज मात्र चालूच होते. दर सोमवारी फोन: "अक्का, कटाचं काय कळलं का?" मला काही कळायचं कारण नव्हतं, तरी मी चौकशी करून ठेवायची, म्हणजे उत्तर द्यायला काहीतरी असावं. माझ्या सोमवारच्या यादीत ते काम अजून आहे. काढायचं राहून गेलंय, किंवा मी काढत नाही. काकू आता हैदराबादला असतात. पाच एकर त्यांनी विकलेले नाहीत. मुलं विचारतात तेव्हा म्हणतात, कट होऊ दे.

मी आप्पांना शेवटचं पाहिलं ते त्या गोदामाच्या पूजेला. मांडव, हारतुरे, कंपनीचे साहेब लोक, दिगंबरराव नव्या फेट्यात. आप्पांना पुढे बोलावून शाल घातली. ती त्यांनी लगेच घडी करून पिशवीत टाकली आणि पिशवीतून बाटली काढली. साहेबांचं बोलणं चालू होतं. आप्पा आतल्या कोऱ्या फरशीवर मधोमध जाऊन उभे राहिले आणि पाणी ओतलं. काही लोकांना वाटलं पूजेतलाच विधी आहे. त्यांनी हात जोडले. मी पाण्याकडे बघत होते. ते थांबलं नाही. एक बारीक धार होऊन सरळ दाराकडे गेलं आणि उंबऱ्यावरून बाहेर पडलं.

"बराबर हाय," आप्पा म्हणाले. मला की फरशीला, माहीत नाही.

जेवणाला थांबा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. ते निघाले. मी फाटकापर्यंत गेले आणि म्हटलं, ड्रायव्हरला सांगते, तुमच्या बाजूला सोडून येईल. "आठ किलोमीटर कशाला फिरवता त्याला," ते म्हणाले आणि पायजमा वर धरून रस्ता ओलांडायला लागले. अर्धा रस्ता पार करून दुभाजकावर चढले. पलीकडून गाड्यांची रांग येत होती, थांबावं लागलं. हातात रिकामी बाटली, पाठ आमच्याकडे. समोर त्यांचं फाटक, आत पाच एकर मोकळे. मला वाटलं वळून बघतील. ते वाकून येणाऱ्या ट्रकांची टायरं बघत होते.